एकटं ठेवलं की रडणारं कुत्रं: सुधारून पुन्हा बिघडतं तेव्हा काय तपासायचं

“पंधरा दिवस गप राहत होतं, आता पुन्हा दार ओरबाडालंय.” सहा महिने ते दोन वर्षांच्या कुत्र्याबद्दल ही तक्रार बेळगावात टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्येही ऐकू येते आणि खानापूरकडच्या कौलारू घरातही. मग घरात ठरतं की कुत्रं हट्टी झालंय, लाडावलंय, सूड काढतंय. यातलं काहीच खरं नसतं. घाबरल्याशिवाय ते जेवढा वेळ एकटं राहू शकत होतं, त्याहून जास्त वेळ मधे कधीतरी त्याला एकटं राहावं लागलेलं असतं, एवढंच. ती मर्यादा किती हे आधी मोजायचं, आणि शिकवण्याच्या काळात ती ओलांडायची नाही. खाली जे काही सांगितलं आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

आधी व्हिडिओ, मग उपाय

शेजारच्या काकू सांगतात त्यावर जाऊ नका. त्यांना भुंकणं ऐकू येतं; येरझाऱ्या, धाप आणि लाळ ऐकू येत नाही. जुना मोबाईल फळीवर ठेवा, दार आणि कुत्र्याची झोपायची जागा दोन्ही दिसतील असा. वायफाय कॅमेरा असेल तर लाइट गेली की तोही जातो, म्हणून रेकॉर्डिंग मोबाईलमध्येच होऊ द्या आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून गल्लीच्या टोकाला थांबा. नेहमीसारखे बाहेर पडा. कुत्रं स्पष्ट घाबरलेलं दिसलं की लगेच परत या. अर्धा तास रडवून पुरावा गोळा करायची गरज नाही.

खरी एकटेपणाची भीती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, पुष्कळदा पहिल्या दोन-चार मिनिटांत. कुत्रं दारापाशी येरझाऱ्या घालतं, धापा टाकतं, लाळ गळते, विव्हळतं किंवा लांब हेल काढून रडतं. ओरबाडणं आणि चावणं दाराची चौकट, खिडकीची ग्रिल, गेटची कडी अशा बाहेर पडायच्या वाटांवर असतं. एरवी बाहेर शी-शू करणारं कुत्रं घरात करतं. समोर ठेवलेला चिकनचा तुकडा तसाच पडून राहतो आणि तुम्ही आलात की त्यावर तुटून पडतं. शेवटची खूण फार भरवशाची आहे.

याउलट तासभर झोपून उठल्यावर चप्पल फाडत बसलेलं, अंग सैल असलेलं कुत्रं कंटाळलेलं असतं. त्याला फिरणं आणि चावायला काहीतरी द्या, पुढचा सगळा खटाटोप लागत नाही. चार ते सात महिन्यांत दात बदलतात, त्या काळातली मोडतोड वेगळी. गल्लीतून कुणी गेलं की तेवढ्यापुरतं भुंकून परत आडवं होणारं कुत्रं राखण करतंय. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावला की बरंच थांबतं. तीन महिन्यांच्या पिल्लाकडून चार तास लघवी धरण्याची अपेक्षाच चूक. आणि तुम्ही घरात असतानाही थोडी थोडी लघवी सारखी होत असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. कुत्रं मलूल आहे, खात नाही, अंगावर गोचीड सापडतात, असं असेल तर रक्त तपासा. गोचीड-तापात कुठलंही शिकवणं चालत नाही.

आणखी एक चाचणी करा, ती बहुतेक जण विसरतात. घरात फक्त आजी असल्या तर कुत्रं शांत राहतं का? राहत असेल तर त्याला कुणीही माणूस चालतं आणि तुमचं काम निम्म्यानं सोपं झालं. आजी समोर असूनही ते एका ठरावीक माणसासाठीच दाराशी रडत असेल, तर खालचा सराव त्या माणसाच्याच बाहेर जाण्यावर करायचा.

शिकवणं चालू असताना एकटं ठेवायचं नाही

हे वाक्य वाचून पुष्कळ जण पुढे वाचत नाहीत. पण याला पर्याय नाही. सकाळी दहा सेकंदांचा सराव करायचा आणि दुपारी पाच तास कोंडून जायचं, म्हणजे एका हातानं विहीर उपसायची आणि दुसऱ्या हातानं भरायची.

दोन-तीन महिन्यांसाठी आळीपाळी लावा. उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा आणि दहाच्या सुमारास ऑफिसला निघणारा असे दोघं घरात असतील, तर सकाळ तशीच सुटते. मधल्या वेळेसाठी समोरचे निवृत्त काका, कॉलेजमधला भाचा, दुकानावर कुत्र्याला बसू देणारा मित्र, जो कोण असेल तो. भाजी आणायला एक जण बाहेर जात असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. लग्नाला निपाणीला जायचं असेल तर कुत्र्याची सोय आधी ठरवायची, अक्षतांच्या वेळेची चौकशी नंतर.

गाडीत ठेवून जाणं ही सोय नव्हे. बेळगावची हवा थंड म्हणून काचा थोड्या उघड्या ठेवून खडेबाजारात चक्कर मारणारे आहेत. बाहेर २४ अंश असलं तरी उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत ३४ अंशांच्या आसपास आणि अर्ध्या तासात ४० च्या वर जाते. काच चार बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. चिकोडी-अथणीकडच्या एप्रिलमध्ये तर विचारच नको.

सेकंदांचं गणित

व्हिडिओत अस्वस्थतेची पहिली खूण कधी दिसते ते पाहा. भुंकणं ही पहिली खूण नसते. त्याआधी ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, दारावर खिळलेली नजर, उठून उभं राहणं हे येतं. समजा ४० व्या सेकंदाला नजर दारावर खिळली. तुमची सुरुवात २० सेकंदांपासून.

एका दिवसाचा सराव साधारण असा. दाराला हात लावून परत. दार उघडून बंद, तुम्ही आतच. बाहेर पाऊल, ५ सेकंद, आत. मग १२ सेकंद, ४ सेकंद, २० सेकंद, ८ सेकंद, १५ सेकंद. दर वेळी वेळ वाढवत नेऊ नका. चढतीच वेळ ठेवली तर पुढची खेप आणखी लांब असणार हे कुत्रं ओळखतं आणि प्रत्येक खेपेला जास्त सावध होतं. दोन खेपांमध्ये अर्धा ते एक मिनिट जाऊ द्या. कुत्रं पुन्हा सैल पडलं पाहिजे. सगळं वीस मिनिटांत उरका, दिवसातून एकदाच, आठवड्यात पाच दिवस. सुट्टीचे दोन दिवस खरोखर सुट्टीचे. रोज तीन वेळा सराव करणाऱ्यांची कुत्री पुष्कळदा दार नुसतं दिसलं तरी दचकायला लागतात.

दोन दिवस स्वच्छ गेले की सर्वांत लांब खेप दहा ते वीस टक्क्यांनी वाढवा. २० चे २४, २४ चे २८. एकदा जरी गडबड झाली तरी त्या दिवशी तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यावरून सुरू करा. वहीत चारच रकाने ठेवा: तारीख, सर्वांत लांब खेप, पहिली खूण कोणत्या सेकंदाला, त्या दिवशी वेगळं काय होतं. चौथा रकाना आज फालतू वाटेल. महिन्यानंतर सगळ्यात कामाचा तोच असतो.

पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. कधी सहा आठवडे, कधी तीन महिने. त्यानंतर पाच-दहा मिनिटांच्या उड्या चालतात. दीड तास शांतपणे राहू शकणारं कुत्रं साधारणपणे चार तासही राहतं, म्हणून दीड तास हा खरा टप्पा समजा.

किल्ल्या, हेल्मेट, डबा, बूट या खुणांचं काय? कुत्रं किल्ल्यांचा जुडगा वाजताच उठत असेल तर त्या खुणा आधी वेगळ्या काढा. जुडगा उचला आणि टीव्ही बघत बसा. हेल्मेट घाला आणि कांदा चिरा. दिवसातून आठ-दहा वेळा, कुठेही न जाता. पंधरा दिवसांत जुडग्याच्या आवाजाला काही अर्थ उरत नाही. पण पाचशे वेळा हेल्मेट घालून घरातच राहिलात तरी बाहेर जाण्याची भीती त्यानं जात नाही. तिथे सेकंदांचाच सराव लागतो.

घरात ‘बस’, कामाला येणाऱ्या बाई कन्नडमधून ‘कुंद्रु’, मुलं ‘सिट’, असा आपल्याकडे कारभार असतो. कुत्रं तिन्ही शिकतं, त्याची काळजी नको. जाताना मात्र ‘थांब हां, आलोच’ हे विशिष्ट आर्जवी सुरात म्हणू नका. तो सूर हीच एक नवी खूण होऊन बसते. गेल्यागेल्या आणि आल्याआल्या वीस मिनिटं कुत्र्याकडे बघायचंच नाही, हा जुना सल्लाही पाळायची गरज नाही. आल्यावर दोन मिनिटं डोकं खाजवल्यानं कुणाला ही भीती जडत नाही.

ठरावीक आकड्यावर अडकणं

पाच ते दहा मिनिटांवर सुधारणा थांबते, हे फार वेळा होतं. कारण बहुधा तुम्ही असता. तोपर्यंत तुम्ही जिन्यावर किंवा कट्ट्यावर उभे राहत होता, आणि कुत्र्याला तुमचा वास आणि श्वास दोन्ही दाराच्या फटीतून कळत होते. ते एकटं राहायला शिकलंच नाही. तुम्ही दारापलीकडे आहात हे सहन करायला शिकलं. उपाय: गाडी खरोखर स्टार्ट करा आणि गल्लीच्या टोकापर्यंत न्या. पहिल्या दिवशी वेळ परत एक-दोन मिनिटांवर आणा, कारण गाडीचा आवाज लांब जाणं ही कुत्र्यासाठी संपूर्ण नवी पायरी आहे. चारचाकी आणि दुचाकी दोन्ही वापरत असाल तर दोन्हींचा वेगळा सराव. पुढचं दार आणि परड्याकडचं दार यांचाही.

दुसरं कारण खाणं. रबरी खेळण्यात काही भरून द्यायचं आणि निसटायचं ही युक्ती सौम्य तक्रारीत चालते. खऱ्या भीतीत खाणं संपेपर्यंत घड्याळ थांबलेलं असतं, इतकंच. व्हिडिओत बाराव्या मिनिटाला खेळणं रिकामं आणि तेराव्या मिनिटाला रडणं, असं दिसलं तर सराव खाण्याशिवाय करा. त्यात पुढे खेळणं हीच जाण्याची खूण ठरते आणि कुत्रं ते दिसताच तोंड फिरवतं.

तरी बाकीच्या वेळी, तुम्ही घरात असताना, नाक आणि जीभ कामाला लावणं फायद्याचं आहे. उकडलेलं रताळं कुस्करून घट्ट दह्यात कालवा आणि जाड रबरी खेळण्यात भरून चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी यासाठी उत्तम. बिनमसाल्याचे, बिनमिठाचे चिरमुरे मूठभर जुन्या टॉवेलच्या घडीत गुंडाळून द्या. पोट भरत नाही आणि हुंगण्यात दहा मिनिटं जातात. करवंटी चावायला देऊ नका, तिच्या कपच्या हिरड्यांत घुसतात. बाजारचं पीनट बटर घेतलं तर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना ते लेबलवर बघा; ते कुत्र्याला विषारी असतं. बेदाणे तर नकोतच. अथणी-विजयपूरकडचे बेदाणे घरात परडीभर असतात, पण द्राक्ष आणि बेदाणा दोन्हींनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. चॉकलेट आणि कांदाही लांब ठेवा.

सुधारलेलं पुन्हा का उलटतं

वहीच्या चौथ्या रकान्यात उत्तर सापडतं. आपल्या भागात वारंवार दिसणारी कारणं अशी.

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी. तीन आठवडे घर माणसांनी भरलेलं, मुंबई-पुण्याचे पाहुणे, कुत्रं एक क्षण एकटं नाही. मग सोमवारी सगळे एकदम नाहीसे. सुट्टीतही दोन दिवसांआड एक छोटी खेप चालू ठेवली तर हा धक्का बसत नाही.

गणपती आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. डॉल्बी आणि फटाक्यांनी घाबरलेलं कुत्रं त्या क्षणी एकटं असेल तर आवाजाची भीती एकटेपणाला चिकटते. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, त्यामुळे ‘रात्री येतो’ हे गणित चुकतं. त्या दिवसांत सराव बंद, घरात माणूस चालू. तुम्ही जवळ असतानाही फटाक्यानं ते पलंगाखाली शिरत असेल तर ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

पाऊस. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आठवडेच्या आठवडे फिरणं होत नाही, अंगातली रग जिरत नाही, पत्र्यावर सतत आवाज. पावसाळ्यात वेळ वाढवू नका, आहे ती टिकवा. पडवीत दोरीचा खेळ, घरात हुंगायचे खेळ यांवर दिवस काढा.

लाइट. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून सराव केला असेल तर त्याचा घरघराट बाहेरचे आवाज झाकत असतो. लाइट गेली की अचानक शांतता, मग गल्लीतला प्रत्येक आवाज टोकदार. आठवड्यातून दोन सराव पंखा बंद ठेवून करा. इन्व्हर्टरची बीप हीसुद्धा काही कुत्र्यांना सोसत नाही. ती बंद करता येते का बघा.

आजारपण, घर बदलणं, मादीचा पहिला माज, नेहमीच्या कामवाल्या बाईंनी काम सोडणं, चार दिवस बोर्डिंगमध्ये राहून येणं. आणि सगळ्यात सामान्य कारण: ‘आज एक दिवस काय होतंय’ म्हणून सात तास बाहेर.

उलटलं म्हणून शून्यावर जायची गरज नाही. शेवटची स्वच्छ वेळ ६० मिनिटं होती, तर १५ ते ३० मिनिटांवर तीन-चार दिवस थांबा. व्हिडिओ स्वच्छ असेल तर दहा दिवसांत बहुधा जुन्या आकड्यावर परत येता. तिथेही पहिल्या मिनिटाला रडत असेल तर मात्र सेकंदांपासून.

बांधणं, पिंजरा, मार

साखळीनं बांधलेलं घाबरलेलं कुत्रं कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारतं आणि पलीकडे लटकतं. हे होतं. कारवानी, म्हणजे मुधोळ जातीच्या कुत्र्यांबाबत तर जास्तच जपा. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही धावणारी जात. लांब पाय, पातळ कातडी, तुटपुंजे केस. साखळीनं कातडी लगेच सोलवटते आणि पाच फुटांची भिंत त्याला अडवत नाही.

पिंजऱ्यात एरवी आनंदानं झोपणारं कुत्रंही भीतीच्या झटक्यात गज चावून दात आणि नखं मोडून घेतं. व्हिडिओत ते पिंजऱ्यात जास्त घाबरतं की खोलीत, हे बघून ठरवा.

भुंकलं की झटका देणारे पट्टे आवाज कमी करतात आणि भीती वाढवतात. आल्यावर फाटलेल्या उशीकडे बोट दाखवून ओरडल्यानं कुत्र्याला फक्त एवढंच कळतं की माणूस परत येणं ही पण धोक्याची गोष्ट आहे. ते मान खाली घालतं ते तुमचा चेहरा बघून. ती गुन्ह्याची कबुली नसते. सोबतीला दुसरं कुत्रं आणल्यानंही क्वचितच काम होतं, कारण हवं असतं माणूस. पुष्कळदा दोन रडतात.

औषधाची वेळ

तीन-चार आठवडे नीट सराव करूनही दहा सेकंदांपुढे जात नसेल, स्वतःला जखमा करून घेत असेल, किंवा घरात सतत माणूस ठेवणं शक्यच नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे व्हिडिओ आणि वही घेऊन जा. औषध म्हणजे हार नव्हे. ज्याची भीती पहिल्या सेकंदाला टोकाला जाते त्याला शिकायला जागाच उरत नाही. औषध ती जागा करून देतं.

फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही यासाठी वापरली जाणारी मुख्य औषधं. रोज द्यावी लागतात, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला भूक कमी होते किंवा सुस्ती येते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. प्रासंगिक वेळेसाठी, समजा टाळता न येणारा एखादा दिवस, डॉक्टर ट्रॅझोडोन सुचवू शकतात. नुसतं गुंगीचं औषध मागू नका. एसेप्रोमॅझिनसारख्या औषधानं कुत्रं हलत नाही, पण आतून घाबरलेलंच राहतं. माणसाच्या गोळ्या अंदाजानं मोडून देऊ नका.

शेतीवाडीच्या घरांत एक धोका हमखास राहून जातो. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेलं अमिट्राझ पाण्यात कालवून कुत्र्यालाही लावतात, किंवा अमिट्राझचा पट्टा गळ्यात असतो. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन या दोन्हींबरोबर अमिट्राझ चालत नाही. औषध लिहून घेताना गोचिडांसाठी काय वापरता ते बाटली दाखवून सांगा, डॉक्टर दुसरं काही देतील.

औषधावर कुत्रं शांत झालं तरी सेकंदांचा सराव चालूच ठेवायचा. तुमच्या गरजेइतके तास ते राहू लागल्यावरही काही महिने औषध तसंच ठेवतात, आणि मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवतात. एकदम बंद करायचं नाही. उतरवण्याचा काळ सणांच्या आणि सुट्ट्यांच्या मधल्या शांत आठवड्यांत धरा, गणपतीच्या तोंडावर नको.